कुलुपाआडचा कारभार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘जप्त मालमत्तेचा सरकारी कारभार’ असे सांगितले. ते ऐकून चालकांपैकी एक गृहस्थ जरा गंभीर झाले. म्हणाले, ‘अहो, उन्हाळ्याच्या दिवसांत लोक संध्याकाळी दोन घटका करमणुकीला येतात. काही हलकेफुलके असते तर बरे.’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहत, कोणी वाचून ठेवलेले निकालपत्र मागून घेऊन. तेथे हलकेफुलके फारसे काही मिळत नाही.

शिवाय हा विषय कराडकरांना परका नाही. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या गावच्या कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला आणि बँक अवसायकाच्या हाती गेली. ज्यांच्या ठेवी पाच लाखांच्या आत होत्या त्यांना विम्याचा आधार होता. ज्यांच्या त्याहून अधिक होत्या त्यांचे वरचे पैसे कशातून यायचे? थकलेल्या कर्जाच्या वसुलीतून, म्हणजे कर्जदारांनी तारण दिलेल्या गाळ्यांतून, गोदामांतून, जमिनींतून. ती मालमत्ता नीट राखली गेली आणि योग्य भावाने विकली गेली तर पैसे, नाहीतर नुसती पावती. तेव्हा कुलुपाआड काय चालते हा प्रश्न फक्त कामगारांचा नाही, तो ठेवीदारांचाही आहे, म्हणजे या मांडवात बसलेल्या पुष्कळांचा आहे.

प्रथम दोन शब्दांचा घोळ दूर करू. आपण सगळ्यालाच ‘जप्ती’ म्हणतो. वर्तमानपत्रेही म्हणतात. कायद्यात टाच वेगळी आणि जप्ती वेगळी. टाच आली म्हणजे मालकाने ती वस्तू विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कोणाच्या नावे करायची नाही. मालकी त्याचीच राहते. पुष्कळदा वापरही त्याचाच राहतो. जप्ती झाली म्हणजे मालकी सरकारजमा होते. या दोहोंच्या मध्ये एक लांबलचक बोळ आहे. त्या बोळात मालक असून मालक नसतो आणि सरकार मालक नसून किल्ली सरकारकडे असते. आज आम्हांला बोलायचे आहे ते या बोळाविषयी. मालमत्ता मरते ती बहुधा तेथेच.

हे प्रकरण आपल्या मुलखाला नवीन नाही. मराठेशाहीत वतन जप्त झाले की त्यावर सरकारी कमाविसदार बसे. तो वसूल गोळा करी, खर्च करी आणि त्या जमाखर्चाचा हिशेब हुजुरात रुजू करी. कमाविसदार सगळे साधू होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याविषयीच्या तक्रारींनीही दप्तरे भरलेली आहेत. पण तक्रार करायला समोर एक माणूस असे आणि त्याच्या नावावर एक हिशेब असे. आज नेमके तेच सापडत नाही.

आता मोठे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यात असे गाव क्वचितच असेल की जेथून कोणी मुंबईच्या गिरणीत गेले नाही. आमचे वडील परळला साचेखात्यात होते. गावकऱ्यांच्या खोलीत वीसजण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काही महिन्यांनी वडील वळकटी घेऊन गावी आले. त्या वेळी आम्ही लहान होतो. एवढे आठवते की ते आल्याचा आनंद आम्हांला झाला आणि आईला झाला नाही.

ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईच्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. एल्फिन्स्टन, फिनले, गोल्ड मोहर, जाम, कोहिनूरच्या तीन, मधुसूदन, न्यू सिटी, पोदार व तिचे प्रोसेस हाऊस, सीताराम आणि टाटा. वडील म्हणाले, ‘सरकारने घेतल्या, आता चिंता नाही.’ असे म्हणणारे ते एकटे नव्हते. पण लक्षात घ्या, सरकारने घेतला तो कारभार, मालकी नव्हे. मालकी आली १९९५ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने. मध्ये गेली बारा वर्षे. बारा वर्षे दुसऱ्याच्या मालकीच्या घराला गिलावा कोण करतो? सरकारने त्या गिरण्यांत पैसा ओतला, हे खरे आहे. १९९५ च्या कायद्याने तेच कारण पुढे केले की एवढी रक्कम घातली आहे, आता मालकीही घेतली पाहिजे. परंतु तो पैसा प्रामुख्याने गिरणी आजच्या दिवशी चालू ठेवण्यात गेला. जुने साचे जुनेच राहिले.

यातला सीताराम मिलचा खटला आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे. या गिरणीच्या कंपनीने, गिरणी ताब्यात जाण्यापूर्वीच, आवारातल्या मोकळ्या जमिनीवर इमारती बांधण्यासाठी निराळे खाते उघडले होते. कंपनीचे म्हणणे असे की तुम्ही गिरणी घेतलीत, जमीन हा आमचा निराळा धंदा आहे. उच्च न्यायालयाला ते पटले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि ती जमीन गिरणीचाच भाग असल्याचे सांगितले. निकाल कामगारांच्या दृष्टीने चांगलाच होता. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली. जी जागा कामगारांना कापडाचा कारखाना म्हणून दिसत होती, ती मालकांना तेव्हाच भूखंड म्हणून दिसू लागली होती. सरकारला ती तशी दिसायला आणखी काही वर्षे लागली इतकेच.

१९९१ च्या विकास नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. त्याचा मथितार्थ असा की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण तीन वाटे करावेत. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक गृहनिर्माणासाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे सगळ्या जमिनीचे नव्हेत, आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचेच. आता गिरणी म्हटली की शेड, गोदाम, चिमणी. आवारात मोकळे असणार ते किती! एका वाक्याच्या फेरफाराने सार्वजनिक वाटा आक्रसला. २००५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याच २००५ सालात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८०, कोहिनूर क्रमांक ३ चे ४२१, एल्फिन्स्टन ४४१ आणि मुंबई टेक्स्टाइल ७०२. बेरीज करा, २,०२० कोटी होतात. या पैशातून कामगारांची देणी भागवायची आणि उरलेल्या गिरण्या नव्या करायच्या अशी योजना होती. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे दिले गेले, हे नाकारता येत नाही. काही गिरण्या नव्याही झाल्या. फिनले तर थेट अचलपूरला गेली. मुंबईत शेवटी टाटा, पोदार, इंदू क्रमांक ५ आणि दिग्विजय एवढ्या चालत राहिल्या होत्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

आणि घरे? म्हाडाने जून २०१२ मध्ये पहिली सोडत काढली, ६,९२५ घरांची. मार्च २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची काढली. अर्ज दीड लाखाच्या घरात होते. आपल्या तालुक्यातल्या किती पेट्यांत त्या अर्जाच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेल्या आहेत ते तुम्हांला माहीतच आहे. आमच्याही घरी एक आहे.

आता तुम्ही म्हणाल, गिरण्या म्हणजे अवाढव्य प्रकरण, त्यात राजकारण, त्यात मुंबईची जमीन. लहान ठिकाणी असे होत नसेल. म्हणून आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. नावे सांगणार नाही.

याच टापूत लोखंडी सुटे भाग करणारा एक कारखाना होता. ऐंशी-पंच्याऐंशी कामगार. मालकाने बँकेचे हप्ते थकवले, करही थकवले, पाच महिन्यांचे पगार थकवले. आम्ही मोर्चा नेला. घोषणा काय, तर ‘टाळे ठोका!’ मालक रात्रीतून यंत्रे हलवील ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. एके दिवशी अधिकारी आले, पंचनामा झाला, लाखेचे सील लागले. कामगारांनी गुलाल उधळला. आमच्याही कपाळाला लावला. आम्हांला वाटले, जिंकलो.

पंचनाम्यात लिहिले होते, ‘जमीन, शेड, कचेरी व आतील यंत्रसामग्री, जसे आहे तसे.’ किती लेथ, किती मोटारी, कोणत्या कंपनीच्या, चालू की बंद, एक अक्षर नाही. पंच म्हणून सही करणाऱ्यांत आमचाच एक कार्यकर्ता होता. त्यालाही वाटले नाही की मोजावे. सगळ्यांना घरी जायची घाई होती.

पहाऱ्याला दोन जुने कामगार ठेवले. तोंडी ठेवले. महिना नऊ हजार. पहिला महिना गेला, दुसरा गेला. पगाराचे विचारायला गेले तर कळले की कुलूप एका कचेरीचे, सील दुसरीचे आणि कर्ज तिसरीचे. कर्जवाले म्हणत, ताबा आमच्याकडे नाही. ताबावाले म्हणत, आमच्याकडे त्यासाठी तरतूद नाही. तिसरे म्हणत, लेखी नेमणूक दाखवा. मग वीज तुटली, कारण बिल कोणी भरायचे याचाही निर्णय नव्हता. अंधार झाला. पावसाळ्यात वाऱ्याने दोन पत्रे उडाले. ते बसवायला अर्धा दिवस आणि थोडा पैसा पुरला असता. पण सील तोडल्याशिवाय आत जाता येत नव्हते आणि सील तोडायचा हुकूम मिळायला चार महिने लागले. तोवर लेथच्या बेडवर गंजाची साय धरली होती. ज्यांनी लेथवर काम केले आहे त्यांना सांगायला नको, बेड गेला की लेथ गेला.

चौदाव्या महिन्यात मागच्या भिंतीला भोक पडले आणि मोटारींतले तांबे गेले. पोलिसांनी प्रथम कोणाला बोलावले? पहारेकऱ्यांना. त्यांतले थोरले, साठीला टेकलेले, तीन दिवस चौकीत बसून होते. जो माणूस चौदा महिने बिनपगारी राखण करत होता त्याच्यावर चोरीचा संशय! सुटले कसे, तर पंचनाम्यात मोटारींची नोंदच नव्हती. जी वस्तू कागदावर नाही ती चोरीला कशी जाईल? त्याच कारणाने खरा चोरही सुटला, आणि ज्यांच्या ताब्यातून ती गेली तेही सुटले.

लिलाव दोनदा पुकारला, कोणी आले नाही. प्रत्येक वेळी हातची किंमत खाली आली. तिसऱ्या वेळी गेला. आलेली रक्कम कर्ज आणि व्याजातच संपली. कामगारांचे थकलेले पगार आजही कागदावर आहेत.

यात निम्मा दोष आमचा होता असे आम्ही मानतो. टाळे ठोका म्हणताना आत काय आहे ते मोजा, पहाऱ्याचा पगार कोण देणार ते लिहा, छपराला कोण पाहणार ते ठरवा, हे आम्ही मागितले नाही. मालकाचा हात थांबला एवढ्यावर आम्ही खूश झालो. संघटनेच्या माणसाला राग लवकर येतो आणि हिशेब उशिरा सुचतो.

कोणी म्हणेल, हे खेड्यातले. मोठ्या शहरात, मोठ्या बँकांकडे, असे होत नसेल. मुंबईला विलेपार्ल्यात, विमानतळाजवळ, किंगफिशर विमान कंपनीची कचेरी होती. कंपनीची विमाने २०१२ मध्ये थांबली आणि नोकरांचे पगार थकले. बँकांनी ती इमारत ताब्यात घेऊन मार्च २०१६ मध्ये लिलावाला काढली. हातची किंमत १५० कोटी. एकही बोली आली नाही. मग पुन्हा, पुन्हा, अशी आठ वेळा हात हलवीत परतल्यावर २०२१ मध्ये ती ५२ कोटी २५ लाखांना गेली. पहिली किंमत फुगवलेली होती असे जाणकार सांगतात. असेलही. पण पाच वर्षांत रिकाम्या इमारतीचे मोल वाढत नाही, हे घर बांधलेल्या कोणालाही कळते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात चिमणगावचा जरंडेश्वर साखर कारखाना आहे. शालिनीताई पाटलांच्या पुढाकाराने सहकारी म्हणून उभा राहिलेला. राज्य सहकारी बँकेने कर्जापायी त्याचा लिलाव केला, २०१० मध्ये, ६५ कोटी ७५ लाखांना. जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यावर टाच आणली. त्या व्यवहारात काय खरे आणि काय खोटे हे ठरवणे न्यायालयाचे काम, आमचे नव्हे. आम्हांला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. टाच आली तरी पुढच्या हंगामात कारखान्याचे धुराडे पेटले. ऊस गाळला गेला. सभासदांच्या, कामगारांच्या, वाहतूकदारांच्या मनात धाकधूक होती, पण गव्हाण बंद पडली नाही. कारण टाच कागदावर होती, दारावर नव्हती.

हे कायद्यालाही धरूनच आहे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा २००२ चा कायदा पाहा. त्यात तात्पुरती टाच १८० दिवसांची. त्या मुदतीत स्थावर मालमत्तेचा उपभोग घेणाऱ्याला तो घेऊ द्यावा, असे त्यातच लिहिले आहे. टाच कायम झाल्यावर ताबा घेता येतो. पण २७ जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की अंतिम जप्तीच्या आधी ताबा घेणे हा अपवाद असावा, नियम नव्हे. जप्त मालमत्ता सांभाळायला केंद्राने प्रशासक नेमावा, तो सहसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, हेही त्या कायद्यात आहे. दर्जा उत्तम आहे. पण सहसचिव दिल्लीत बसतो आणि पत्रा उडतो तो ओगलेवाडीत. दोहोंच्या मध्ये शिडी लावून वर चढणारा माणूस कोण, त्याचे नाव कोठे लिहिलेले असते?

कामगारांच्या देण्याचे आणखी विचित्र आहे. कंपनी दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्याखाली गेली तर कामगारांचा चोवीस महिन्यांचा पगार तारणवाल्या बँकेच्या बरोबरीने बसतो. सहकारी संस्थेला तो कायदा नाही, तेथे सहकार कायद्यातला अवसायक. आणि गुन्ह्याच्या कायद्याखाली टाच आली तर कामगाराने स्वतः न्यायालयात उभे राहून आपला हक्क सांगायचा. म्हणजे तोच घाम, तेवढेच तास, पण कुलूप कोणत्या कचेरीचे यावर तुमचा नंबर ठरणार.

एक निकाल मात्र प्रत्येक साखर कामगाराने पाठ करावा. राज्य सहकारी बँकेकडे कारखान्यांची साखर तारण होती आणि त्याच कारखान्यांनी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी थकवला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या साखरेवर पहिला बोजा निधीच्या देण्याचा, बँकेचा त्यानंतर. पोत्यात साखर असते तेव्हा ती कामगाराची आधी असते, हे न्यायालयाकडून लिहून घ्यायला १९५२ च्या कायद्यानंतर सत्तावन्न वर्षे गेली.

मग करावे काय? फार मोठे काही आम्ही मागत नाही. सील लावण्याच्या दिवशीच आतल्या प्रत्येक वस्तूची यादी आणि छायाचित्रे व्हावीत आणि यादीची एक प्रत कामगारांना मिळावी. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, सबब चालणार नाही. पहारा, वीज आणि छप्पर यांचा खर्च मालमत्तेवरचा पहिला खर्च धरावा, मग बँक, मग कर. गाळे भाड्याने असतील तर ते भाडे निराळ्या खात्यात जावे आणि त्यातून आधी दुरुस्ती व्हावी. मुंबईच्या गिरण्यांच्या आवारातल्या चाळींतल्या भाडेकरूंना विचारा, मालक सरकार झाले म्हणून छत गळायचे थांबले का. आणि वर्षातून एकदा, किल्ली कोणाकडे आहे त्याच्या नावासकट, जमाखर्च तहसील कचेरीच्या फळ्यावर लागावा. कारखाना चालू ठेवता येत असेल तर चालूच ठेवावा. गुन्हा मालकाने केला असेल, लेथने केलेला नसतो.

आमच्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, चालू ठेवला तर चोर मालकच पुन्हा खुर्चीत बसेल. भीती रास्त आहे. पण त्यासाठी खुर्चीवर देखरेख ठेवावी लागते, आणि देखरेख म्हणजे रोज जाऊन हिशेब पाहणे. कुलूप लावणे सोपे, म्हणून सर्वांनाच ते आवडते, आम्हांलाही आवडले होते.

त्या कारखान्याचे शेवटचे सांगतो. नव्या मालकाला ताबा द्यायच्या दिवशी थोरल्या पहारेकऱ्यांना निरोप आला, किल्ली घेऊन या. ते आले. किल्ली त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवली होती. पण कुलूप इतके गंजले होते की किल्ली फिरेना. शेवटी कटर आणून कडी कापली. त्यांच्या चौदा महिन्यांच्या पगाराचा अर्ज आम्ही केलेला आहे. लेखी नेमणूक नसल्यामुळे साक्षीपुरावा लागणार असे सांगण्यात आले आहे. पुढच्या महिन्यात त्याची तारीख आहे. गुलाल उधळायला त्या दिवशी जे जे होते, त्यांतले कोणी या सभेत असतील तर त्यांनी आम्हांला सभा संपल्यावर भेटावे.